समुद्र अजून आठ तास लांब

दुपारचे चार वाजले की न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर एक गमतीचं दृश्य दिसतं. बारा-तेरा मजली पांढरीशुभ्र क्रूझ सुटायच्या बेतात असते. वरच्या डेकवर गाणी लागलेली, लोक फोन उंचावून उभे, काही उत्साही मंडळी पोहायच्या कपड्यांतसुद्धा. आणि समुद्राचा मात्र पत्ता नाही. समोर वाहते ती चहाच्या रंगाची मिसिसिपी. पलीकडच्या काठावर घरं, झाडं, चर्चचा मनोरा. मधून एखादी फेरीबोट इकडून तिकडे जाते. भोंगा वाजतो, दोर सुटतात, बोट हलते आणि तासाभरानंतरही दोन्ही बाजूंना काठच दिसत राहतात. पहिल्यांदाच आलेला प्रवासी शेवटी कुणाला तरी विचारतो, ‘समुद्र कधी येणार?’ उत्तर असतं, ‘रात्री. बहुतेक तुम्ही झोपल्यावर.’

शहराच्या मध्यवर्ती कॅनॉल स्ट्रीटपासून मिसिसिपीला फाटे फुटतात तिथपर्यंतचं अंतर नदीच्या वळणांनी सुमारे १५३ किलोमीटर आहे. तिथून ‘साउथवेस्ट पास’ या फाट्याचे आणखी ३२ किलोमीटर पार केले, की मेक्सिकोचं आखात लागतं. म्हणजे मुंबईहून नाशिक ओलांडून थोडं पुढे जावं इतका प्रवास, तोही नदीतून. क्रूझला त्यासाठी सात-आठ तास लागतात. वर्षाला दहा लाखांहून अधिक क्रूझ प्रवाशांची ये-जा पाहिलेलं हे बंदर आहे. पण त्या दहा लाखांतल्या बहुतेकांनी सहल आखताना विचार केलेला असतो तो मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या किनाऱ्याचा, बोटीवरच्या जेवणाचा आणि खोलीला बाल्कनी घ्यावी की नाही याचा. नदीचा विचार कुणीच करत नाही. सहलीचं वेळापत्रक मात्र तीच ठरवते, किंवा बिघडवते.

समुद्रकाठच्या बंदरातून निघणं त्यामानाने सरळ असतं. मुंबईहून गोव्याकडे निघालेली क्रूझ बंदराचा परिसर ओलांडते आणि थोड्याच वेळात उघड्या पाण्यावर येते. नदीवरच्या बंदराचं तसं नसतं. आपल्याकडे कोलकाता घ्या: धक्क्यापासून सँडहेड्सचं खोल पाणी गाठायला हुगळीतून आणि तिच्या मुखातून २०० किलोमीटरहून अधिक जावं लागतं, आणि वाटेत गाळाचे बदलते उंचवटे व भरतीच्या लाटेचा लोंढा यांच्याशी गाठ असते. जर्मनीतलं हॅम्बुर्ग उत्तर समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, एल्ब नदीवर. तिथे भरती-ओहोटीचा फरक साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणून खोल बुडणाऱ्या मोठ्या मालवाहू बोटींना भरतीची वेळ साधूनच ये-जा करावी लागते. (त्याच नदीकाठी शुलाऊ इथे १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या बोटींना त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात. हौसेला मोल नसतं, हे जर्मनांनाही लागू आहे.) न्यू ऑर्लिन्सला भरतीची फिकीर नाही. आखाताची भरती जेमतेम हात-दीड हाताची. तिथला कारभार चालतो तो वरून येणाऱ्या पाण्यावर.

आणि ते पाणी येतं कुठून? अमेरिकेतली ३१ राज्यं आणि कॅनडाचे दोन प्रांत यांचं पाणी शेवटी याच एका पात्रात उतरतं. मिनेसोटातल्या इटास्का सरोवरातून निघालेल्या थेंबाला आखातापर्यंत पोचायला सुमारे तीन महिने लागतात, असं सांगतात. मिसुरी नदी मोंटानाच्या डोंगरांतला वितळलेला बर्फ घेऊन येते, ओहायो नदी पूर्वेकडचा पाऊस. म्हणजे एप्रिलच्या एखाद्या शनिवारी न्यू ऑर्लिन्सहून सुटणाऱ्या बोटीखालून जे पाणी धावत असतं, ते कुठल्या तरी दूरच्या कुरणावर जानेवारीत बर्फ होऊन पडलेलं असू शकतं.

या नदीची दांडगाई समजून घ्यायची तर आधी शहरात एक चक्कर मारायला हवी. फ्रेंच वस्तीतल्या जॅक्सन चौकात उभं राहिलं तर नदी दिसत नाही. ती दिसायला पायऱ्या चढून बांधावर जावं लागतं. नदी बघायला वर चढायचं, हे घाट उतरून नदीवर जाणाऱ्या मराठी माणसाला जरा चमत्कारिकच वाटतं. पण न्यू ऑर्लिन्सचा जवळपास निम्मा भाग समुद्रसपाटीच्या पातळीला किंवा त्याहून खाली आहे, आणि पूर आला की नदीचं पाणी रस्त्यांच्या पातळीच्या कितीतरी वर असतं. खालच्या गल्लीत उभं राहून बांधाच्या वरून एखाद्या जहाजाचा वरचा भाग सरकत जाताना दिसतो. जहाज जणू घरांच्या कौलांवरूनच चाललंय. १७१८ साली बिएनव्हील या फ्रेंच वसाहतकाराने ही जागा निवडली ती नदीच्या चंद्रकोरी वळणावरची, पुराच्या गाळाने थोडी उंच झालेली म्हणून. जुनं शहर त्या उंचवट्यावर बसलं. बाकीचं नंतर उतारावर पसरत गेलं.

त्या चंद्रकोरीचं सर्वांत तीक्ष्ण टोक म्हणजे अल्जियर्स पॉइंट. क्रूझ टर्मिनलपासून निघालेली बोट थोड्याच वेळात इथे पोचते. नदी इथे जवळजवळ काटकोनात वळते, आणि वळताना तिने तळ इतका खणला आहे की खोली सुमारे २०० फुटांवर जाते. डेकवरच्या लोकांसाठी हा फोटोचा उत्तम क्षण: मागे शहराच्या उंच इमारती, बाजूला सेंट लुईस कॅथेड्रलचे तीन मनोरे. वर नियंत्रणकक्षात मात्र त्या वेळी कुणी फोटो काढत नसतं.

कारण उताराला लागलेल्या बोटीला थांबता येत नाही. सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून पाणी वाहत असेल तेव्हाच. मागून प्रवाह ढकलत असताना बोटीने वेग कमी केला, तर ती पाण्यासोबतच वाहू लागते आणि सुकाणू लुळं पडतं. म्हणून बोटीला प्रवाहापेक्षा वेगाने जावंच लागतं, वळणावरसुद्धा. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमात म्हणूनच प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या बोटीला वाट देण्याची जबाबदारी वर चढणाऱ्या बोटीवर आहे. नदी चढलेली असेल तर एवढ्यावरही भागत नाही. शहराच्या कॅरल्टन भागातल्या मापकावर पातळी ८ फुटांपर्यंत चढली, की अल्जियर्स पॉइंटच्या दोन्ही बाजूंना दिवे सुरू होतात, रस्त्यावरच्या सिग्नलसारखे, आणि मोठ्या बोटींना आळीपाळीने सोडलं जातं. चार वाजताची बोट सव्वाचारला का हलली, याचं कारण कधी कधी वरून येणारा बार्जेसचा एखादा लांबलचक तांडा असतो.

हे सगळं बाऊ करून सांगितलेलं नाही, याला १४ डिसेंबर १९९६ ची दुपार साक्षी आहे. शनिवार होता, नाताळच्या खरेदीची गर्दी. ‘ब्राइट फील्ड’ नावाचं सुमारे २२४ मीटर लांबीचं मालवाहू जहाज मका भरून उताराला निघालं होतं. शहराच्या मोठ्या पुलाखालून बाहेर पडताच इंजिनातल्या वंगणाचा दाब घसरला आणि यंत्रणेने इंजिनाची ताकद आपोआप काढून घेतली. मागे पाण्याचा रेटा, पुढे वळण, हातात सुकाणू असून नसल्यासारखं. पायलटने भोंगे वाजवत राहून काठावरच्या लोकांना सावध केलं. जहाज थेट ‘रिव्हरवॉक’ या नदीकाठच्या बाजारात घुसलं; दुकानं, हॉटेलच्या खोल्या आणि काही सदनिका तोडत शेवटी थांबलं. जवळच माणसांनी भरलेली कॅसिनो बोट आणि एक क्रूझ बांधलेली होती. त्यांना ते थोडक्यात चुकवून गेलं. साठेक माणसं जखमी झाली. एकही मेलं नाही, हे आजही नवलच वाटतं.

त्या भोंग्यांमागचा माणूस जहाजाचा कॅप्टन नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. मिसिसिपीवर परदेशी बोट आणायची किंवा न्यायची तर स्थानिक पायलट घ्यावाच लागतो. पायलट म्हणजे पाण्यातला वाटाड्या: बोट त्याच्या मालकीची नाही, खलाशी त्याचे नाहीत, पण पाणी त्याचं पाठ असतं. आणि एक वाटाड्या पुरत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यापासून नदीमुखाजवळच्या पायलटटाउनपर्यंत ‘क्रेसेंट रिव्हर पोर्ट पायलट्स’ संघटनेचा माणूस बोट नेतो. तिथे छोटी लाँच धावत्या क्रूझला येऊन चिकटते, पहिला पायलट दोरीच्या शिडीने उतरतो आणि ‘बार पायलट’ वर चढतो. शेवटचा टप्पा, म्हणजे फाट्यातून आखातापर्यंतचा, त्याचा. शहराच्या वरच्या बाजूला बॅटन रूजपर्यंत आणखी तिसरीच संघटना. पायलटटाउन हे गावही मजेदार आहे: तिथे रस्ता जातच नाही, बोटीनेच पोचायचं.

हा वाटाड्याचा धंदा जुना आणि मानाचा. अमेरिकेचा सर्वांत लाडका विनोदी लेखक आधी याच नदीवर पायलट होता. सॅम्युएल क्लेमन्सला १८५९ साली वाफेच्या बोटी चालवायचा परवाना मिळाला. पुढे त्याने घेतलेलं ‘मार्क ट्वेन’ हे नाव म्हणजे खोली मोजणाऱ्या खलाशाची आरोळी: दोन वाव पाणी आहे, म्हणजे बारा फूट, बोट सुखरूप जाईल. त्या काळी पायलटला नदी डोक्यात ठेवावी लागे, आणि दर मोसमात ती पुन्हा शिकावी लागे, कारण वाळू हलायची. आज सोनार, उपग्रह आणि किनाऱ्यावरचं नियंत्रण केंद्र दिमतीला आहे. वाळू अजूनही हलते.

वाटेत बघायला काय असतं, हे निघण्याची वेळ आणि महिना यांवर ठरतं, आणि तिकीट काढताना हे कुणी सांगत नाही. जूनमध्ये रात्री आठपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात पाचला दिवेलागण. उन्हाळ्यात डाव्या हाताला बसलेल्याला आधी १९०९ सालचा प्रचंड साखर कारखाना दिसेल, मग शालमेटचं रणांगण, जिथे ८ जानेवारी १८१५ रोजी अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्याने इंग्रजांचा धुव्वा उडवला. (युद्ध थांबवण्याचा तह त्याआधी दोन आठवडे युरोपात झाला होता. बातमीच पोचली नव्हती.) मग तेलशुद्धीकरण कारखान्यांची रांग. पुढे ‘इंग्लिश टर्न’ नावाचं मोठं वळण: १६९९ मध्ये तिथे बिएनव्हीलने एका इंग्रज जहाजाला फ्रेंचांची ताकद मोठी असल्याची थाप मारून परत पाठवलं म्हणे, आणि वळणाला नाव पडलं. त्यानंतर नारिंगीच्या बागा, गुरं, बांधामागून डोकावणारी घरं. बरंच खाली गेल्यावर उजवीकडे फोर्ट जॅक्सन आणि समोरच्या काठावर फोर्ट सेंट फिलिप. अमेरिकन यादवी युद्धात एप्रिल १८६२ मध्ये ॲडमिरल फॅरागटने रात्रीच्या अंधारात या दोन किल्ल्यांच्या तोफांमधून आपलं आरमार वर नेलं आणि न्यू ऑर्लिन्स पडलं. क्रूझ तिथे पोचते तेव्हाही अंधारच असतो. बहुतेक प्रवासी त्या वेळी जेवणघरात दुसऱ्यांदा मिठाई मागवत असतात.

मग येते धुक्याची गोष्ट, आणि सहल आखणाऱ्याने खरं भ्यायचं ते यालाच. वादळाचं नाव मोठं, पण ते चार-पाच दिवस आधी कळतं. धुकं रात्रीतून उतरतं. हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि वसंताच्या सुरुवातीला नदीचं पाणी उत्तरेकडच्या बर्फामुळे गार असतं, आणि त्यावर आखाताकडून उबदार, दमट हवा सरकते. गार तांब्यावर घाम धरतो तसाच हा प्रकार. फक्त तांब्या १८५ किलोमीटर लांबीचा. समोरचं दिसेनासं झालं की नदीची वाहतूक थांबवली जाते. सकाळी सातला धक्क्याला लागायची बोट मग मुखाबाहेर आखातात घिरट्या घालत बसते, कधी दुपारपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. आतले तीन-चार हजार लोक विमानं चुकवतात, बाहेरचे तितकेच लोक सामान घेऊन ताटकळतात. पुढच्या फेरीला उशीर झाला की एखादं बंदरच गाळलं जातं, आणि तिकिटामागच्या बारीक अक्षरांत कंपनीला तशी मुभा असते. म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये इथून निघणाऱ्याने प्रवास-विमा घेताना ‘उशीर’ या शब्दाखाली काय लिहिलंय ते वाचावं. स्वस्त तिकिटं नेमकी याच दिवसांत मिळतात.

नदीच्या मुखाशी बोटी अडकून पडणं नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात तर तो नेहमीचा शिरस्ता होता. कारण मात्र वेगळं. नदी समुद्राला मिळते तिथे तिचा वेग पडतो आणि हातातला गाळ ती तिथेच टाकते. मुखावर वाळूचा दांडा तयार होतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मुंबई-गोवा आगबोटी चालत तेव्हा कित्येक बंदरांवर बोट खाडीबाहेर उभी राही आणि उतारूंना हेलकावणाऱ्या पडावांतून काठावर न्यावं लागे. पणजीला मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा दांडा तर पावसाळ्यात वाटच बंद करी. मिसिसिपीवर तोच दांडा, पण बोटी कापसाने भरलेल्या, आणि मागे साऱ्या मध्य अमेरिकेचा व्यापार खोळंबलेला.

जेम्स ब्युकॅनन ईड्स या अभियंत्याने यावर सुचवलेला उपाय वरवर वेडगळ होता: मुखातून गाळ उपसायचा नाही, नदीकडूनच उपसून घ्यायचा. फाट्याच्या दोन्ही बाजूंनी समुद्रात लांब बांध घालायचे, पात्र अरुंद करायचं. तेवढंच पाणी चिंचोळ्या वाटेने जायचं म्हणजे त्याला वेग घ्यावा लागणार, आणि वेगाने जाणारं पाणी तळ खरवडत नेणार. नळाच्या तोंडाशी बोट धरलं की पाणी जोरात उडतं, त्यातलाच प्रकार. लष्करी अभियंत्यांचे प्रमुख हम्फ्रीज यांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांना कालवा खणायचा होता. ईड्सने पैज लावल्यासारखी अट घातली: ठरलेली खोली मिळाली तरच पैसे द्या. १८७५ मध्ये साउथ पास फाट्यावर काम सुरू झालं. विलोच्या फांद्यांच्या जाड चटया विणून, त्यांवर दगड टाकून बांध रचले. १८७९ पर्यंत जिथे आधी जेमतेम आठ-नऊ फूट पाणी असे, तिथे ३० फूट खोल वाट तयार झाली. पुढे मुख्य रहदारी साउथवेस्ट पासकडे गेली आणि आज तिथे गाळ उपसणारी यंत्रं कायम राबतात, पण तत्त्व ईड्सचंच. रात्री अकरा-बाराच्या सुमारास क्रूझ ज्या दगडी रांगांमधून बाहेर पडते, त्यांच्यामागे ही पैज आहे.

खरं तर ही नदी न्यू ऑर्लिन्सच्या अंगणातून वाहते आहे, हेच मुळात माणसाच्या हट्टाचं काम आहे. नदीला समुद्रापर्यंतची जवळची वाट सापडली होती: वरच्या बाजूला अचाफलाया नावाची नदी फुटते, ती निम्म्याहून कमी अंतरात आखात गाठते. पाणी उताराचंच ऐकतं. विसाव्या शतकाच्या मध्याला दिसू लागलं की मिसिसिपी हळूहळू तिकडे वळणार आणि न्यू ऑर्लिन्सपुढे उरेल ती खाऱ्या पाण्याची सुस्त खाडी. म्हणून १९६३ मध्ये ‘ओल्ड रिव्हर’ इथे नियंत्रक दरवाजे उभारले गेले. ३० टक्के पाणी अचाफलायाला, ७० टक्के मिसिसिपीला, अशी वाटणी कायद्याने ठरली. १९७३ च्या पुराने त्या बांधकामाचा पायाच खरवडला, ते पडता पडता वाचलं आणि नंतर शेजारी आणखी एक आधाराचं बांधकाम करावं लागलं.

पाणी कमी झालं तरी पंचाईतच. शहराजवळ नदीचा तळ समुद्रसपाटीच्या बराच खाली असल्यामुळे, प्रवाह क्षीण झाला की आखाताचं जड खारं पाणी तळाशी पाचरीसारखं वर सरकतं. २०२३ च्या दुष्काळात ते इतकं वर आलं की खालच्या प्लॅकमिन्स परगण्यात नळाचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. लष्कराच्या अभियंत्यांनी नदीच्या तळाशी मातीचा बुटका बांध घालून ते रोखलं, शहर बचावलं. बोटी त्या बांधाच्या वरून जात-येत राहिल्या.

आता थोडं माणसांच्या नियमांबद्दल. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाकडे आलेले आई-बाबा आणि ह्यूस्टनहून साडेपाचशे किलोमीटर गाडी हाकत आलेलं कुटुंब, असे मराठी प्रवासी या धक्क्यावर दिसले तर नवल नाही. ह्यूस्टनच्या दाराशी गॅल्व्हेस्टनचं बंदर असताना इथवर यायचं ते शहरासाठी, आणि तो निर्णय चांगलाच म्हणायचा. पण एक गैरसमज हमखास असतो: ‘बोट जिथून निघते तिथेच परत येते, मग परदेशप्रवास कसला?’ बोट मेक्सिकोला लागून येते, म्हणजे परतताना प्रत्येकजण अमेरिकेत नव्याने प्रवेश करत असतो. अमेरिकी नागरिकाला अशा फेरीसाठी जन्मदाखला आणि ओळखपत्र चालू शकतं. भारतीय पासपोर्टवाल्याला नाही. आई-बाबांच्या व्हिसावर अनेकवार प्रवेशाची नोंद हवी. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्याचे कागद चालू असले तरी पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असू शकतो, आणि ते टर्मिनलवर कळणं फार महागात पडतं. तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडून बघणं, हे काम पाच मिनिटांचं.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रवाशांची अंतिम यादी बोट सुटण्याच्या किमान तासभर आधी सरकारकडे जावी लागते. ती गेली की दार बंद. आणि इथे नदीवरच्या बंदराचा एक क्रूर विनोद आहे: बोट चुकली तर ती आठ तास डोळ्यांसमोर राहते. उजव्या काठाने व्हेनिस गावापर्यंत चांगला रस्ता जातो. मोटार दीड-दोन तासांत तिथे पोचते आणि बोटीची वाट बघत बसू शकते. उपयोग शून्य. मध्येच चढायची सोय नाही. पुढचं बंदर कोझुमेल, तिथे स्वखर्चाने विमानाने जायचं.

म्हणून एक दिवस आधी पोचणं, हा सल्ला इथे नुसता सल्ला राहत नाही. विमानतळ शहराच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर, केनर गावात. ज्युलिया स्ट्रीट आणि इराटो स्ट्रीट ही दोन्ही टर्मिनल्स शहराच्या ऐन मध्यात. फ्रेंच वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या महायुद्धाचं भव्य संग्रहालय त्याहून जवळ. संध्याकाळ शहरात काढावी, १८६२ पासून चालू असलेल्या ‘कॅफे द्यू मोंद’मध्ये जाऊन बेन्ये खावेत. मैद्याचे फुगलेले चौकोन, तुपाऐवजी तेलात तळलेले, वर पिठीसाखरेचा ढीग. सोबत चिकोरी घातलेली कॉफी, जी आपल्याकडच्या लोकांना ओळखीची वाटते. काळे कपडे घालून जाऊ नये. साखर झटकून निघत नाही.

तारीख निवडताना मात्र पंचांग बघावं, त्यांचं. ईस्टरच्या ४७ दिवस आधी येणारा मंगळवार म्हणजे मार्डी ग्रा. २०२७ मध्ये तो ९ फेब्रुवारीला आहे. त्याआधीचे दोन आठवडे मिरवणुकांचे; सेंट चार्ल्स ॲव्हेन्यू आणि कॅनॉल स्ट्रीट बंद, हॉटेलांचे दर आकाशाला. गणपती विसर्जनाच्या दिवशी गिरगावातून विमानतळ गाठायचा प्रयत्न केलेल्याला अधिक सांगायला नको. एप्रिलच्या शेवटी जॅझ महोत्सव, शरदात फुटबॉलचे रविवार. तेव्हाही साधारण तसंच.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत मोसम. २९ ऑगस्ट ही या शहराची काळी तारीख: २००५ मध्ये कॅट्रिना, २०२१ मध्ये आयडा. आयडाच्या वेळी समुद्राचं पाणी एवढ्या जोराने आत आलं की मिसिसिपी काही तास उलटी वाहिली, आणि शहराच्या वरच्या बाजूला विजेचा एक अजस्र मनोरा तारांसकट नदीत कोसळला. कॅट्रिनानंतर ‘एक्स्टसी’ आणि ‘सेन्सेशन’ या दोन क्रूझ इथल्या धक्क्याला महिनोन्महिने बांधून ठेवल्या होत्या. घरं गमावलेले पोलीस, अग्निशमन दलाचे जवान आणि त्यांची कुटुंबं त्या केबिनमध्ये राहत होती. मोसमातल्या प्रवाशाच्या वाट्याला एवढं सहसा येत नाही. बोट दुसऱ्या बंदरात वळवली जाते, किंवा दोन दिवस समुद्रातच जास्त काढावे लागतात.

परतीचा प्रवास रात्रीचा. मध्यरात्रीच्या आगेमागे बोट मुखाशी येते, बार पायलट शिडी चढतो, पायलटटाउनला माणूस बदलतो, आणि सगळं सुरळीत असेल तर सकाळी सहा-सातला खिडकीत कोझुमेलच्या निळ्या पाण्याऐवजी पुन्हा तोच चहाचा रंग दिसतो. धुकं असेल तर खिडकीत काहीच दिसत नाही. ध्वनिक्षेपकावर कॅप्टन शांत आवाजात सांगतो की बोट अजून आखातातच आहे, नदी उघडण्याची वाट पाहत आहे. मग स्वागतकक्षापुढे सकाळी अकराच्या विमानाचं तिकीट काढलेल्यांची रांग लागते. संध्याकाळचं तिकीट काढलेले लोक वर जाऊन आणखी एक डोसा आहे का, ते बघून येतात.